दिवाळी झाली की झेंडू लगेच उपटू नका

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या कॉलनीत साफसफाईची साथ येते. दिवाळीआधी घर घासून झालेलं असतं पण हात अजून शिवशिवत असतात, माळीमामा पण तेवढ्यात मोकळे होतात, मग ज्याच्या त्याच्या गेटबाहेर वाळक्या झेंडूच्या, तेरड्याच्या, कॉसमॉसच्या पेंढ्या घंटागाडीची वाट बघत पडलेल्या. कुंड्यांना गेरू, वाफ्यात नवीन माती, आणि मध्ये एक मोकळी उघडीबोडकी बाग. छान दिसतं हो, नाही असं नाही. पण माझं म्हणणं एवढंच आहे की थोडं थांबा. संक्रांतीपर्यंत थांबा. कारण आपल्याला जे संपलेलं वाटतंय ना, त्याच्यावर ह्या दिवसांत मधमाश्यांची केवढी गर्दी असते ते एकदा सकाळी दहा-साडेदहाला चहाचा कप घेऊन उभं राहून बघा.

दहा-साडेदहाच का, तर साताऱ्यात मार्गशीर्षात सकाळी चांगली थंडी असते आणि अजिंक्यताऱ्याच्या सावलीतून ऊन आमच्या बाजूला जरा उशिराच येतं. मधमाशी गार अंगाने उडू शकत नाही, ती पंख न हलवता नुसते उडायचे स्नायू थरथरवून आधी अंग गरम करते आणि मग निघते. ऊन वाफ्यावर पडलं की पाच मिनिटांत सगळ्या हजर.

आता यूट्यूबवर बाग आणि मधमाश्या असं काही शोधलं की सगळे परदेशी व्हिडिओ येतात, त्यात ते लोक सांगतात की थंडी आली, ही शेवटची फुलं, आता माश्या पोळ्यात गोळा होऊन साठवलेल्या मधावर बसून राहणार. ते त्यांच्याकडं खरंय, तिकडं बर्फ पडतो. आपल्याकडं सगळंच उलटं आहे आणि हे फारसं कोणी सांगत नाही. आपल्या सातेरी माशीचे (पेटीत पाळतात ती देशी मधमाशी) उपासाचे दिवस म्हणजे पावसाळा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात, दिवसेंदिवस धुकं आणि झड, माशीने बाहेर पडायचं कधी आणि आणायचं काय. तिकडचे मधपाळ ह्या दिवसांत पेट्यांना साखरेचा पाक घालून वसाहती जगवतात. आपल्या जिल्ह्यातल्या महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर, ज्याला २०२२ च्या मे महिन्यात देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर केलं, तिथं जाऊन कुठल्याही मधपाळाला विचारा, मध काढायचा हंगाम म्हटलं की तो जांभळाचं आणि हिरड्याचं नाव घेईल, म्हणजे मार्चपासून पुढं. मग ऑक्टोबर ते जानेवारी काय चालतं? तर पावसाळ्यात खंगलेलं घर परत उभं करायचं काम चालतं. राणी अंडी घालायला लागते, अळ्यांना भरवायला पराग लागतो, नुसता मध चालत नाही, परागातूनच प्रोटीन मिळतं. आणि कामकरी माशी कामाच्या दिवसांत जगते साधारण सहा आठवडे. म्हणजे आज तुमच्या झेंडूवर बसलेली माशी जांभूळ फुललेलं बघणारच नाही, ती जे पराग नेतेय त्याच्यावर वाढलेल्यांची पुढची पिढी तिथं पोचणार. आणि नेमक्या ह्याच महिन्यांत आपण बागा उपटतो.

कासचं पण असंच आहे. सप्टेंबरात गेंद, सोनकी, तेरडा, मिकी माऊस ही रानफुलं बघायला पुण्या-मुंबईची इतकी गाडी येते की आम्ही सातारकर रविवारी त्या रस्त्याला जातच नाही. नोव्हेंबर उजाडला की पठार वाळतं, पर्यटक घरी, फोटो संपले. त्या फुलांवर जगणारे किडेमाश्या काही पर्यटकांबरोबर घरी जात नाहीत ना. मला तर वाटतं खरं बघायचं ते तेव्हा, यवतेश्वरच्या घाटात कडेला जी घाणेरी फुललेली असते तिच्यापाशी.

असो, बागेकडं येते.

सगळ्यात जास्त गर्दी कुठं असेल तर तुळशीवर. झेंडू दिसतो भरगच्च पण तुळशीच्या मंजिरीवरची ती एवढी एवढीशी पांढरी-जांभळट फुलं, त्यांच्यावर दिवसभर वर्दळ. सातेरी असते, तिच्याहून लहान फुलोरी असते (पोटाचा पुढचा भाग नारिंगी तांबूस आणि मागं काळे-पांढरे पट्टे, ओळखायला सोपी), भिंतीच्या फटीत राहणाऱ्या अगदी बारक्या काळ्या बिनडंखाच्या माश्या असतात ज्यांना लोक चिलटं समजून हाकलतात. आणि एक निळ्या पट्ट्यांची माशी येते, ही माझी सगळ्यात लाडकी. बारीक उंच आवाज करत येते, एका फुलावर सेकंदभर, लगेच दुसऱ्या, फोटो काढू म्हणलं तर सगळे फोटो नुसत्या तुळशीचे येतात. पोटावर चकचकीत निळे-हिरवट पट्टे. ही पोळं करत नाही, मध साठवत नाही, एकेकटीच राहते, जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ करून. आपल्याला मधमाशी म्हटलं की पोळंच आठवतं पण जगातल्या बहुतेक जातीच्या माश्या अशा एकट्या राहणाऱ्याच आहेत.

आता तुळशीवरून आमच्या घरात वाद आहे. सासूबाईंचं म्हणणं मंजिऱ्या खुडल्या नाहीत तर तुळस वाळते. आणि ते बरोबरच आहे, बी धरलं की झाडाचा जोर त्यात जातो आणि झाड लवकर म्हातारं होतं. म्हणून आमची वाटणी ठरलीये, दारातल्या वृंदावनातली तुळस त्यांची, तिच्या मंजिऱ्या रोज खुडायच्या, आणि गच्चीवरच्या कुंड्यांतल्या तुळशी माझ्या, त्यांना हात लावायचा नाही. "तुझ्या तुळशी म्हणजे नुसतं रान झालंय" असं त्या म्हणतात पण दुपारी ऊन खायला खुर्ची मात्र तिथंच टाकतात आणि कोण कोण आलं ते मला संध्याकाळी सांगतात.

झेंडूचं एक सांगायचं राहिलं. सगळा झेंडू सारखा नसतो. दसऱ्याला जो मोठा गच्च गोंडा मिळतो ना, हायब्रीड, त्यात पाकळ्याच पाकळ्या. झेंडूचं एक फूल म्हणजे खरं तर पुष्कळ बारक्या फुलांचा गुच्छ असतो, मधली नळीसारखी बारकी फुलं आणि कडेची पाकळीवाली, माश्यांना मध आणि पराग खरा मिळतो तो मधल्या नळ्यांत. गच्च गोंड्यात त्या नळ्यांच्या जागी पाकळ्याच झालेल्या असतात त्यामुळं हारात तो दिसतो भारी पण माशीला तिथं काही फारसं गवसत नाही, येते, चार पावलं चालते, जाते. त्याउलट तो जुना बुटका मखमली, तपकिरी-पिवळा, एकेरी पाकळ्यांचा, जो आपोआप कुठंही उगवतो आणि आपण तण म्हणून काढतो, त्याच्यावर बसायला जागा मिळत नाही. झिनिया, कॉसमॉस, शेवंती सगळ्यांचं हेच. नर्सरीत गेलात तर डबल-डबल म्हणून जे महाग देतात त्याच्याशेजारी एक तरी कुंडी साध्या एकेरी फुलाची घ्या.

माळीमामा आले होते तेव्हा म्हणले, "वैनी, ह्ये समदं काढून टाकू का, लई माजलंय." मी म्हणलं मामा, पुढचं करा, मागचा वाफा राहू द्या. "आवो पर वाळलंय की ते." वाळलंय म्हणूनच तर राहू द्या म्हणलं, आणि मग त्यांना संध्याकाळी सहाला थांबवून दाखवलं. कॉसमॉसच्या वाळक्या काडीवर ओळीने त्या निळ्या पट्ट्यांच्या माश्या झोपल्या होत्या. झोपल्या म्हणजे कशा, तर काडी जबड्यात घट्ट चावून धरायची आणि अंग आडवं सोडून द्यायचं, रात्रभर तशाच. हे सगळे नर. माद्या आपापल्या बिळात, नरांना घर नाही, म्हणून ते संध्याकाळी असे एका काडीवर जमतात, आणि बऱ्याचदा रोज त्याच काडीवर येतात. मामा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणले, "च्यायला, ह्यास्नी बी खोली मिळंना व्हय." तो वाफा त्या दिवसापासून त्यांनीच राखलाय, कोण काढायला लागलं तर तेच ओरडतात. (नराला नांगी नसते बरं का, कुठल्याच माशीच्या. डंख फक्त मादीला.)

वाळक्या काड्यांचा दुसरा उपयोग म्हणजे घरं. मुंगीपेक्षा थोड्या मोठ्या, काळसर चकाकणाऱ्या माश्या असतात, त्या मऊ गराच्या वाळक्या काडीत आतून पोखरून अंडी घालतात. आपण काडी मोडून कचऱ्यात टाकली की आतलं सगळं घंटागाडीत. मोठा काळा भुंगा वाळलेल्या लाकडात, बांबूत बीळ करतो, आमच्या मांडवाच्या बांबूत आहे एक, बरोबर कंपासनं काढल्यासारखं गोल भोक, खाली भुसा पडलेला. ह्या भुंग्यांतली एक जात तर रात्री उडते. भीमाशंकरच्या जंगलात तिच्यावर संशोधन झालंय आणि नुसत्या चांदण्यांच्या उजेडात तिला रंग ओळखता येतात असं त्यात दिसलं, जिथं आपल्याला सगळं काळं-करडंच दिसतं.

आणि गुलाबाच्या, बोगनवेलीच्या पानांना कडेने गोल गोल कापलेलं दिसलं तर कीड म्हणून औषध मारायला धावू नका. पानं कापणारी माशी असते ती, तुकडे गुंडाळून नेते आणि एखाद्या भोकात त्यांचे डबे करून प्रत्येकात पराग भरून एकेक अंडं घालते. भिंतीतलं स्क्रूचं भोक, जुनं कुलूप, पाइपचं तोंड, काहीही चालतं तिला. पानं थोडी विद्रूप दिसतात, झाडाला काही होत नाही.

जमिनीत राहणाऱ्यांची मात्र आता पंचाईत झालीये आणि ह्याचा मला खरंच राग येतो. जो तो अंगणात पेव्हिंग ब्लॉक नाहीतर कोबा. चिखल नको, तण नको, गाडी धुतली की पाणी वाहून गेलं पाहिजे. मग ह्यांनी बीळ करायचं कुठं? एखादा हातभर उघड्या मातीचा तुकडा, उन्हातला, न खणलेला, न भिजवलेला, एवढं ठेवलं तरी पुरतं.

शेजारच्या काकू मध्ये विचारत होत्या, गच्चीतल्या वांग्याला फुलं भरपूर येतात पण गळून जातात, खत कुठलं घालू. मी म्हणलं काकू, तुमच्याकडं येतं कोण ते आधी बघा. वांग्याच्या फुलात पराग उघडे नसतात, पिवळ्या नळ्यांच्या आत बंद असतात आणि टोकाला बारीक भोक. ते बाहेर काढायला फूल धरून अंगाची विशिष्ट थरथर करावी लागते, भुंगा आणि ती निळ्या पट्ट्यांची माशी हे काम झकास करतात, आणि गंमत म्हणजे मधाची माशी, सातेरी असो की पेटीतली परदेशी मेलिफेरा, तिला हे जमतच नाही. टोमॅटोचंही साधारण तसंच. वाऱ्याने, कुंडी हलवून थोडंफार होतं, पण भुंगा आला की फळ बघा. काकूंच्या गच्चीवर वांगी, टोमॅटो, मिरची एवढंच होतं, वर्षभर फूल असं काही नव्हतंच, मग भुंगा वाट वाकडी करून येईल कशाला. आता त्यांनी माझ्याकडची तुळशीची रोपं नेलीत.

ह्या दिवसांत शेवंतीला कळ्या येतात आणि कळ्यांबरोबर मावा. देठ काळेकुट्ट. लगेच सगळे पंप काढतात. पण जरा थांबून बघितलं तर शेवंतीभोवती एक पट्टेवाली माशी हवेत जागच्या जागी थांबलेली दिसेल, होव्हरफ्लाय म्हणतात तिला, दिसते मधमाशीसारखी पण पंखांची एकच जोडी आणि नांगी नाही, सगळं सोंग. ती फुलावर मध प्यायला येते आणि अंडी घालते माव्याच्या मध्ये, आणि तिची अळी मावा खाते. औषध मारलं की मावा मरतो, ही पण मरते, आणि मावा परत येतो आधी. अगदीच हाताबाहेर गेलं तर मी देठ पाण्याच्या जोरदार धारेनं धुते. फवारायचंच असेल तर सूर्य मावळल्यावर, आणि उमललेल्या फुलांवर नाही.

माझा मामेभाऊ तासगावला द्राक्षवाला, त्याला हे सांगितलं तर तो हसला. ऑक्टोबर छाटणीनंतर ह्यांचे फवारे सुरू होतात ते थांबतच नाहीत, आणि द्राक्षाचं फूल बहुतेक स्वतःचं स्वतःच फळतं त्यामुळं माशी आली काय न आली काय, त्याचं नुकसान नाही. "ताई, माझा माल काय तुझ्या माशीवर अवलंबून नाय." बरोबर आहे. पण त्याच्या बांधाला लागून ज्याचं सूर्यफूल आहे, कांद्याचं बी आहे, त्याचा माल अवलंबून असतोय, आणि फवाऱ्याला बांध कळत नाही. पलीकडं आटपाडीला डाळिंबवाले बहराला मधमाश्यांच्या पेट्या ठेवायला बघतात आणि इकडं आम्ही आहे त्या मारतोय, एकाच जिल्ह्यात. ह्यावर त्याचं उत्तर आलं नाही, विषय बदलला, हळदीचा भाव सांगत बसला.

पटकन एक, दरवर्षी कोणीतरी ग्रुपवर व्हिडिओ टाकतं, "आमच्या बागेत हमिंगबर्ड आला!!" हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच असतात हो. तुम्ही बघितलेला तो हॉकमॉथ, पतंग आहे, दिवसा उडणारा, हवेत थांबून लांब सोंड फुलात घालतो. आणि खरोखरचा छोटा पक्षी असेल, जास्वंदीवर लोंबकळणारा, तर तो शिंजीर.

तण म्हणून जे काढतो त्यात एकदांडी ठेवा थोडी, दगडीपालाच तो, पिवळी-पांढरी बारकी फुलं, मूळचा बाहेरचा पण आता सगळीकडं आहे आणि वर्षभर फुलतो, बारक्या फुलपाखरांची खाणावळच ती. घाणेरी बागेत लावा असं मी म्हणणार नाही, जंगलात शिरून तिनं वाट लावलीये. पण रस्त्याकडेला असेल तर गुच्छ निरखून बघा, मधली फुलं पिवळी आणि कडेची गुलाबी. पिवळी ताजी, त्यांच्यात मध, गुलाबी झालेली म्हणजे दुकान बंद. फुलपाखरं बरोबर पिवळ्यांवरच सोंड घालतात.

ह्या दिवसांत माश्या अजून एका ठिकाणी दिसतात ते म्हणजे गुऱ्हाळ. कराडकडं जाताना कुठंही थांबा, चुलवाणावर काहील उकळतेय आणि भोवती माश्यांचा ढग, काकवीच्या डब्यावर तर थर. पुष्कळ आत पडून मरतात. फुलं कमी असली की गोड जिथं मिळेल तिथं जाणारच त्या. रसवंतीवाल्याकडं पण तेच, तो बिचारा फडकं मारून मारून थकतो.

शेवटी मोहोळाचं, कारण घाबरून विचारणारे सगळ्यात जास्त. टाकीखाली किंवा उंच इमारतीच्या छज्जाला दोन-तीन फूट रुंद लोंबणारं असेल तर ते आग्या मोहोळ, त्याच्या वाटेला जाऊ नका, दगड, धूर, पेटवणं असलं काही करू नका, गडावर पण त्याच्या खाली शेकोट्या आणि आरडाओरडा करणाऱ्यांनाच ते लागतं. काढायचंच असेल तर माहितगार मधपाळाला बोलवा, माश्या न मारता हलवणारे लोक आहेत. पण मेंदीच्या, लिंबाच्या, बोगनवेलीच्या फांदीला तळहाताएवढं एकच पोळं असेल तर ती फुलोरी. ती उगीच अंगावर येत नाही. आमच्याकडं कढीपत्त्याला होतं, पानं तोडताना फक्त त्या बाजूची फांदी सोडायची. मुंग्या येऊ नयेत म्हणून त्या फांदीला दोन्हीकडून चिकट डिंकाचं कडं करतात. पोळ्याचा वरचा भाग फांदीवर गुंडाळून सपाट ओट्यासारखा असतो, तिथं बाहेरून आलेली माशी नाचून फुलं कुठल्या दिशेला आहेत ते बाकीच्यांना सांगते, ते अगदी डोळ्यांनी बघता येतं, पेटी उघडायला नको की काही नको. सातेरीचा नाच बघायचा तर अंधाऱ्या पेटीत डोकावावं लागतं.

फुलोरीचं बिऱ्हाड फार दिवस टिकत नाही. खायला कमी पडलं किंवा फांदी फार हलवली की त्या उठून जातात. तेव्हा रिकामं पोळं दिसलं म्हणून लगेच तोडून टाकू नका. नवीन जागा जवळपास असेल तर त्याच माश्या आठवडाभर परत येऊन जुन्या पोळ्याचं मेण खरवडून नेतात, मेण तयार करायला मध खर्ची पडतो त्यामुळं जुनं फुकट घालवत नाहीत. कढीपत्त्यावरचं आमचं तसंच गेलं, आणि नवीन कुठंय ते शोधलं तर काकूंच्या गच्चीवर, पपईच्या मागं. काकूंना अजून सांगितलेलं नाही.